सरांचं सामान

चौकातल्या फ्लेक्सवर सरांचा फोटो पाहिला आणि मी रिक्षा थांबवायला सांगितली. ‘आमचे दैवत, आमचे मार्गदर्शक’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. खाली क्लासचं नाव, आणि बाजूला संचालकांचा हात जोडलेला फोटो. तो सरांच्या फोटोपेक्षा मोठा. सरांचा उजवा हात मात्र कोपराखाली छाटलेला. पाहणाऱ्याला वाटेल, जागा पुरली नसेल. जागा भरपूर होती. त्या हातात वाइनची बाटली होती, म्हणून तो छाटला. मला माहीत आहे, कारण नांदेडला तो फोटो काढला तेव्हा मी चार पावलांवर उभी होते.

ज्या माणसाला दारुडा ठरवून ह्याच लोकांनी क्लासमधून घालवलं, तो गेल्यावर त्याला श्रद्धांजली वाहायला ह्यांना फोटो मिळाला तो बाटली हातात धरल्याचा. आणि त्यातून बाटली तेवढी काढून टाकली की झालं दैवत. मी घरी येऊन सरांच्या पत्नीला, काकूंना, फोन केला. त्यांनीही पाहिला होता. म्हणाल्या, “फाडून टाकावा वाटायलंय मॅडम. पण फोटो ह्यांचाच हाय ना.”

फ्लेक्स पंधरा दिवस लटकत होता. सगळं लातूर त्याच्याखालून गेलं. कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं, म्हणून हे लिहिते आहे.

सर केमिस्ट्री शिकवायचे, मी बायॉलॉजी. आधी कॉलेजात आणि मग, त्यांचाच एक विद्यार्थी संचालक झाला तेव्हा, त्याच्या क्लासमध्ये. पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेला तो क्लास पाहता पाहता चार मजली झाला. बाहेरगावची पोरं बॅगा घेऊन उतरू लागली, गल्लीगल्लीत खोल्या भाड्यानं गेल्या, आणि आम्हाला पोरं चौकात ओळखू लागली. ह्या सगळ्या धावपळीत सर एकटे सावकाश चालायचे. उंच, किडकिडीत, पांढरा हाफ बुशशर्ट, खिशात इस्त्रीच्या घडीचा रुमाल. तो रुमाल त्यांनी नाकाला कधी लावला नाही. तो काहीतरी अंथरायला असायचा.

सरांना राग यायचा तो एकाच शब्दाचा. ‘चालतंय.’ प्रयोगशाळेत टायट्रेशन करताना चंबूखाली पांढरी टाइल ठेवायची असते. एखादा पोरगा टाइल न घेताच सुरू करायचा. सर त्याचा हात धरायचे.

“टाइल कुठाय?”

“नसली तरी चालतंय सर.”

“हाव, चालतंय. पण रंग बदलला कधी, ते तुला कळणार न्हाई. अन् कळलं असं तू लिहिशील. म्हणजे खोटं लिहिशील.”

पोरगा टाइल आणायला जायचा. सर तोवर तिथंच उभे. दातानं प्लास्टिकची पिशवी फाडणाऱ्याला ते आपली छोटी कात्री द्यायचे, आणि देताना असं बघायचे की माणूस पुन्हा त्यांच्यासमोर पिशवीच उघडणार नाही. “कामाला सलीका पाहिजे,” म्हणायचे. नीटनेटकेपणाला हा त्यांच्या वडिलांचा शब्द. वडील निजामाच्या काळात शाळेत उर्दू शिकलेले.

ह्या माणसाच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट होतं. इतरांच्या कपाटात ढाली-कप असतात. सरांच्या कपाटात वाइनच्या बाटलीशी संबंधित सामान होतं. बूच काढायचे स्क्रूच पाच. त्यातला एक, फिरवत गेलं की दोन्ही हात वर करणारा. एक दोन चपट्या पात्यांचा, जुनं ठिसूळ झालेलं बूच न टोचता बाजूनं धरून ओढणारा. गळ्याजवळचा कागद गोल कापायची चकती. बाटलीतली हवा ओढून घेणारा छोटा पंप आणि त्याची रबरी बुचं. गाळणी बसवलेलं नरसाळं. बाटलीच्या अंगाला गुंडाळायचा तापमापक. रुंद बुडाचं, निमुळत्या मानेचं काचेचं भांडं. त्यात वाइन ओतून ती थोडा वेळ हवेवर ठेवायची. आणि बाटलीच्या गळ्यात घालायची, आतून मखमल लावलेली एक रिंग, म्हणजे ओतताना ओघळ येऊन टेबलावरच्या कापडावर डाग पडत नाही.

प्रत्येक वस्तूखाली कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव आणि बारावीची तुकडी. सरांची पोरं शिकून कुठं कुठं गेली होती. येताना विचारायची, “सर, तुमच्यासाठी काय आणू?” सर वस्तूचं नाव सांगायचे. पेन नको, घड्याळ नको. गुरुदक्षिणा म्हणून बूच काढायचा स्क्रू मागणारा दुसरा गुरू मला माहीत नाही.

आणि पिणं किती? वर्षाला दोन, फार तर तीन बाटल्या. कुणीतरी नाशकाकडून आणून द्यायचं. रविवारी दुपारी जेवायच्या आधी सर टेबलावर पांढरा रुमाल अंथरायचे, बाटली उघडायचे आणि अर्धा ग्लास घ्यायचे. समोर काकू भाजलेले शेंगदाणे घेऊन बसायच्या. मग पंपानं हवा ओढून बाटली बंद. ती आठ-दहा दिवस पुरायची, आणि शेवटी उरलेली आंबली की काकू ती कांद्यावर घालायच्या. मी एकदा विचारलं, “सर, एवढ्याशा वाइनला एवढं सामान?”

“नसलं तरी अडत न्हाई मॅडम,” सर म्हणाले. “माणूस चाकूनं बूच उकरतोच की. पण मग तो पीत नसतो, मारामारी करत असतो.”

मारामारी आम्ही पाहिलीसुद्धा. रेणापूरजवळ एका सहकाऱ्याच्या शेतात क्लासची हुरडा पार्टी होती. बायका आगटीभोवती, पुरुष विहिरीच्या मागं. सरही तिकडं गेले. थोड्या वेळानं ठक् ठक् आवाज यायला लागला. गणिताचे सर बाटलीचं बूड बुटात घालून लिंबाच्या झाडावर आपटत होते. बूच निघेना, तेव्हा त्यांनी ते पेचकसानं आत ढकललं. आमचे सर परत आले, चपला घातल्या आणि रस्त्याच्या दिशेनं निघाले. मी मागं धावले. म्हणाले, “हा माणूस उद्या पोरांना इंटिग्रेशन शिकवणार.” आणि खरोखर फाट्यापर्यंत चालत जाऊन एस.टी. धरून लातूरला गेले.

आम्ही हसलो. पुष्कळ दिवस हसत होतो. मला तेव्हा ती भूकंपाची गोष्ट माहीत नव्हती.

ती काकूंनी सांगितली. सरांचं गाव औशाच्या पुढचं. त्या पहाटे सरांचे थोरले भाऊ आणि वहिनी घरासकट गेले. दगडांत नुसती माती भरून रचलेल्या जाड भिंती. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या. सर चौथ्या दिवशी मदतीच्या तंबूत जे गेले ते महिनाभर परतले नाहीत. परदेशातून डॉक्टरांची एक तुकडी आली होती, तिला दुभाष्या हवा होता. जखमी बायका मराठीत काय सांगतात ते सर इंग्रजीत सांगायचे, दिवसभर. त्या तुकडीत एक म्हातारा डॉक्टर होता. त्याच्या खिशात घडीचा एक चाकू असायचा. डबे, पट्ट्या, दोऱ्या, सगळं तो त्यानंच उघडायचा नि कापायचा. त्या चाकूत बूच काढायचा स्क्रू होता.

जायच्या आदल्या दिवशी त्या डॉक्टरनं सरांना एका खोक्यासमोर बसवलं. खोक्यावर रुमाल अंथरला. सामानातून एक बाटली काढली, सावकाश उघडली आणि स्टीलच्या दोन पेल्यांत ओतली. पाव होता, तो मोडून दिला. सर काकूंना एवढंच म्हणाले होते, “महिनाभर आम्ही उभ्याउभ्या खाल्लं. त्यानं मला बसवलं.” मग तिथंच, खोक्यासमोर, सर पहिल्यांदा भावासाठी रडले. निघताना डॉक्टर तो चाकू देऊन गेला. कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर तो होता, आणि त्याखाली चिठ्ठी नव्हती.

हे समजल्यावर तरी मी तोंड आवरायला हवं होतं. नाही आवरलं. एकदा संचालकांच्या गाडीतून आम्ही दोघे-तिघे नांदेडला सेमिनारला जात होतो. रस्ता लांब. वेळ जायला मी सरांच्या कपाटाची गोष्ट सांगितली. डॉक्टरची नाही, तेवढी लाज होती. मखमली रिंगेची सांगितली. काकू तिला ‘बाटलीची ठुशी’ म्हणतात, हेही सांगितलं. सगळे खूप हसले. संचालकही हसले आणि म्हणाले, “आमचे सर म्हणजे लई अवलिया.” त्यांनी ते मनात ठेवून दिलं.

मग पालक मेळावा झाला. निकाल लागले होते. क्लासच्या बोर्डावर सगळ्यात वर हिमायतनगरच्या एका मुलीचा फोटो. ही मुलगी आमच्या क्लासला एकच दिवस आली होती, फुकट सराव परीक्षेला. शिकली ती तिच्या गावातल्या एका मास्तरांकडे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अशा गोष्टी तेव्हा सगळेच क्लास करत होते. मंचावर मुलगी, तिचे आईवडील, हार, शाल. संचालकांनी माइक सरांकडे दिला. म्हणाले, “हिची केमिस्ट्रीची तयारी कशी करून घेतली, ते सर दोन शब्दांत सांगतील.”

सर उठले. म्हणाले, “ह्या मुलीला मी आज पहिल्यांदा बघतोय. बाळ, तुला केमिस्ट्री कुणी शिकवली?”

मुलीनं खाली मान घालून तिच्या मास्तरांचं नाव सांगितलं.

“मग ही शाल त्यांची हाय,” सर म्हणाले. “त्यांना बोलवा.” आणि माइक खाली ठेवून बसले.

सभागृहात पाचशे माणसं होती.

दोन आठवड्यांत शहरात कुजबुज सुरू झाली. सर पितात. घरात दारूचा अड्डा आहे. पोरांकडून बाहेरदेशची दारू मागवतात. कुठल्याशा पालकाच्या नावानं अर्ज आला. संचालकांनी तीन जणांची समिती नेमली आणि समिती सरांच्या घरी गेली. त्यात एक ते गणिताचे सर होते, बुटात बाटली घालणारे. मला अजून ह्याचा संताप येतो. ज्या माणसाला बाटली उघडता येत नाही, तो दुसऱ्याच्या पिण्याची चौकशी करायला बसला.

सरांनी त्यांना बसवलं. काकूंनी चहा केला. सरांनी कपाट उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि तिचं काम समजावून सांगितलं, वर्गात सांगायचे तसं. समितीनं विचारलं, “दारू कुठाय?” सरांनी रबरी बूच लावलेली बाटली दाखवली. दिवाळीला उघडलेली, तळाशी चार बोटं उरलेली, पार आंबलेली. काकू म्हणाल्या, “कांद्यावर घालायला हाय ती. देऊ का थोडी?”

समितीनं लिहिलं: ‘मद्यपानाचे साहित्य मोठ्या प्रमाणात आढळून आले.’ सर म्हणाले, असं मोघम लिहू नका, नावं लिहा. आणि त्यांनी सगळ्या वस्तूंची यादी स्वतः सांगून लिहून घ्यायला लावली. कुठली कशासाठी, ते कंसात. मग खाली सही केली. समिती बाहेर येऊन हसली म्हणे.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक टाइप केलेला कागद फिरला. ‘संस्थेच्या प्रतिमेस बाधा येत असल्याने’ वगैरे. खाली सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. माझी मुलगी तेव्हा त्याच क्लासला अकरावीत होती. मी सही केली. सातवी. माझ्यानंतर आणखी अकरा झाल्या. एकानंही विचारलं नाही, की पिऊन आलेलं ह्या माणसाला कुणी कधी पाहिलंय का. मीही नाही विचारलं.

सरांनी राजीनामा लिहून दिला आणि घरी बसले. व्हरांड्यात दहा-बारा पोरं यायची, मग आठ, मग चार. रस्त्यानं जाताना ओळखीचे लोक पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. मी मात्र त्यांच्या घरी जात राहिले. दर महिन्याला, कधी पंधरा दिवसांनी. मला वाटायचं, सहीचं त्यांना माहीत नसावं. ते विषय काढत नव्हते, मीही काढला नाही.

दोन वर्षांनी संचालकांचा मला फोन आला. नांदेडला नवी शाखा निघणार होती. उद्घाटनाला हैदराबादहून बडे पाहुणे येणार, भागीदारी करणारे. जेवणात वाइन ठेवायची होती. कुणीतरी परदेशातून दिलेली भारी बाटली संचालकांकडे होती, तीही उघडायची होती.

“काल साधी एक उघडून बघितली मॅडम, तर बूच मोडून आत पडलं. पाहुण्यांसमोर इज्जत जायची. सर माझा फोन घेत न्हाईत. तुम्ही त्यांना ते सामान घेऊन आणा ना. गाडी पाठवतो.”

मी चिडून फोन ठेवला. तशीच सरांकडे गेले, त्यांनी नकार द्यावा म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “बाटली जुनी हाय?” आणि कपाट उघडून दोन पात्यांचं हत्यार काढलं.

“सर, तुम्ही जाणार? ह्या माणसाकडं?”

“बाटलीनं काय केलंय मॅडम?”

काकू आतून म्हणाल्या, “जाऊ द्या त्यांना. बोलवलंय कुणीतरी दोन वर्षांनी.” मग मीही त्यांच्याबरोबर निघाले.

नांदेडला हॉटेलच्या हॉलमध्ये दुपारी बारालाच पंगत मांडलेली. संचालक धावत आले, सरांच्या पाया पडले, पाहुण्यांना म्हणाले, “मी जो काही आहे तो ह्यांच्यामुळे.” सरांनी रुमाल अंथरला, पेटीतलं सामान मांडलं. बाटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, “ही ठेवली कुठं होती?”

“केबिनमध्ये सर. शोकेसमध्ये, लाइटखाली. चार वर्षं.”

“उभी?”

“उभीच. आडवी कशी दिसणार?”

उभ्या बाटलीत वाइन न लागल्यानं वाळून भुगा झालेलं ते बूच सरांनी दोन पात्यांमध्ये धरून, हळूहळू हलवत, एकसंध वर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी फोटो काढला गेला. सरांनी नरसाळ्यातून चमचाभर ग्लासात घेतली, वास घेतला, जिभेवर ठेवली आणि ग्लास खाली ठेवला.

“नासलीय,” ते म्हणाले. “उजेडानं गेली. ही देऊ नका.”

संचालक हसत हसत त्यांच्या कानाशी आले. मी जवळच होते, मला ऐकू आलं. “कुणाला कळतंय सर. ओता तुम्ही. चालतंय.”

सरांनी बाटली टेबलावर ठेवली, रुमालानं हात पुसले आणि एकेक वस्तू पेटीत भरू लागले. मग वेटरनं ओतली. पाहुण्यांनी घोट घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि वा वा केलं. एकानं तर दुसऱ्यांदा मागितली. आम्ही न जेवता निघालो.

लोह्याला गाडी चहासाठी थांबली. उन्हं कलली होती. टपरीच्या बाकावर आम्ही दोघं बसलो, ड्रायव्हर लांब उभा. मी संचालकांना, समितीला, सगळ्या क्लासला बोल लावत होते. कसली माणसं ही, कणा नाही कुणाला, वगैरे. सर ऐकत होते. बोलता बोलता मलाच माझा आवाज ऐकू आला आणि मी थांबले.

“सर,” मी म्हणाले, “त्या कागदावर माझीही सही आहे.”

“हाव. सातवी.”

“आणि कपाटाचं त्यांना...”

“तुम्ही सांगितलं. गाडीत. लई हसलात म्हणे, रिंगेचं सांगताना.” त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “सह्या दाखवल्या तेव्हा संचालकानंच सांगितलं मला. सहीचं मी समजू शकतो मॅडम. पोरगी होती तुमची तिथं.”

हसण्याचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

“मग दोन वर्षं तुम्ही मला घरी येऊ दिलंत. बोलत राहिलात.”

“दुसरं कोण येत होतं?” सर म्हणाले.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आम्ही उठलो. नांदेडहून निघताना सर माझ्याबरोबर मागच्या सीटवर बसले होते. आता त्यांनी पुढचं दार उघडलं, सीटवरचा ड्रायव्हरचा डबा उचलून मांडीवर घेतला आणि पुढं बसले. लातूर येईपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती.